‘माझा आवडता पक्षी’ खुराड्यातही असतो



दिवाळीची सुट्टी संपते, दुसरं सत्र सुरू होतं आणि मराठीच्या वहीत एक निबंध हमखास येतो: ‘माझा आवडता पक्षी’. वह्या तपासायला घेतल्या की बहुतेकांचा आवडता पक्षी मोर, उरलेल्यांचा पोपट. मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे, त्याचा पिसारा सुंदर असतो, तो पावसात नाचतो. वाक्यं सगळ्यांची सारखीच, कारण गाईड सारखंच. आता त्याच वर्गात विचारा, ‘कोणाच्या घरी कोंबड्या आहेत?’ वणी आणि आजूबाजूच्या गावांत, पाड्यांवर, निम्मे हात तरी वर येतील. त्यांतल्या कोणाच्याही वहीत कोंबडी नसते.

ज्या पक्ष्याला मूल रोज दाणे टाकतं, ज्याच्या पिल्लाला हातात धरतं, ज्याची अंडी विकून त्याच्या वह्या येतात, तो पक्षी निबंधाच्या लायकीचा नाही असं मुलाला वाटतं. हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. शाळेत घरचं काही चालत नाही, हे ते न सांगताच शिकलेलं असतं. माझ्या मते ही गोष्ट चुकीच्या शुद्धलेखनापेक्षा जास्त गंभीर आहे.

म्हणून यंदाच्या हिवाळ्यासाठी माझं एक म्हणणं आहे. घरी चार-सहा कोंबड्या असतील तर त्या थंडीतून सुखरूप पार नेण्याच्या कामात मुलाला खरा वाटा द्या, त्याची नोंद ठेवायला लावा आणि मग त्यावर निबंध लिहून घ्या. या एका कामात विज्ञान आहे, गणित आहे आणि भाषा तर आहेच. कसं ते सविस्तर सांगतो.

थंडी इथली, धडा इथलाच

नाशिक जिल्ह्यातली थंडी काय असते हे आपल्याला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतो. काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला असतो. दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात द्राक्षबागाईतदार मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, ठिबकने पाणी सोडतात. सप्तशृंग गडाच्या पायथ्याला वारा सुटला की गोधडीतून बाहेर निघवत नाही.

बागेसाठी आपण एवढं करतो. मग खुराड्यातल्या कोंबडीचं काय होत असेल, हा प्रश्न मुलांना विचारून पाहा. तिथूनच धडा सुरू होतो.

माणसाच्या शरीराचं तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं, कोंबडीचं ४१ अंशांच्या आसपास. बाहेर ६ अंश असेल तर कोंबडीचं शरीर आणि बाहेरची हवा यांत ३५ अंशांचा फरक पडतो. वजाबाकी चौथीतला मुलगाही करील. खरा प्रश्न पुढचा आहे: हा फरक ती रात्रभर टिकवते कशी?

ती पिसं फुलवते. फुललेल्या पिसांत हवा अडकते आणि अडकलेली हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. आपली गोधडी आणि स्वेटर हेच काम करतात. कोंबडी मान पिसांत खुपसते, काठीवर बसून पोटाची पिसं पायांवर पसरते, कारण पायांवर पिसं नसतात. शिवाय चौघी-पाच जणी एकमेकींना चिकटून बसतात. ‘उष्णतेचे दुर्वाहक’ ही व्याख्या पाठ करण्याआधी मुलाने रात्री टॉर्च घेऊन हे एकदा बघावं. व्याख्या मग पाठ करावी लागत नाही.

अंडी का आटली?

हिवाळ्यात अंडी कमी होतात, हे प्रत्येक घरात माहीत असतं. ‘थंडीमुळं’ हे उत्तरही तयार असतं. ते अर्धंच उत्तर आहे. कोंबडीचं अंडी देणं मुख्यतः उजेडावर चालतं. दिवस मोठा असला की डोळ्यांवाटे आणि मेंदूवाटे तिच्या शरीराला अंडी घालण्याचा इशारा मिळतो. भरपूर अंड्यांसाठी दिवसाला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. आपल्याकडे २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. त्यातच या दिवसांत बऱ्याच कोंबड्यांची पिसं गळून नवी येत असतात आणि खाल्लेलं पिसं घडवण्यात खर्ची पडतं.

हे मुलांना सांगून टाकू नका, शोधायला लावा. पंचांगात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा असतात. १ नोव्हेंबरपासून दर रविवारी दिवसाची लांबी काढायची आणि शेजारी त्या आठवड्यात मिळालेली अंडी लिहायची. जानेवारीअखेर दोन्हींचा आलेख काढायचा. सातवी-आठवीच्या मुलाला सरासरी, आलेख आणि पृथ्वीच्या कललेल्या अक्षाचा परिणाम एकाच वहीत सापडतो. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. ती बाराही महिने सारखी वाटलेली का नसतात, हे त्याला कळतं.

‘मग बल्ब लावून उजेड वाढवायचा का?’ असं एखादं मूल विचारीलच. व्यावसायिक शेडमध्ये तसं करतात. घरच्या चार कोंबड्यांना मात्र थोडी विश्रांती मिळाली तर बिघडत नाही, असं माझं मत आहे. वर्गात यावर दोन बाजूंनी चर्चा घडवून आणा. वादविवाद स्पर्धेला असा विषय शोधून मिळणार नाही.

थंडीपेक्षा ओल वाईट

आता सगळ्यात महत्त्वाचं. थंडी वाढली की आपण काय करतो? खुराड्याला चारी बाजूंनी पोती आणि प्लॅस्टिक गुंडाळतो. वारा अजिबात येऊ नये एवढीच काळजी. हेतू चांगला आहे, पण बंद खुराड्यात कोंबड्यांचा श्वास आणि विष्ठा यांची ओल साठते. ओली विष्ठा कुजून अमोनिया वायू तयार होतो. डोळे चुरचुरतात, नाक गळतं, घरघर सुरू होते. पिसं दमट झाली की त्यांत हवा धरून ठेवता येत नाही, म्हणजे अंगावरची गोधडीच ओली झाली. धडधाकट मोठी कोंबडी कोरड्या थंडीला सहसा हार जात नाही. ओल आणि कोंडलेली हवा मात्र तिला आजारी पाडते.

मुलांना एक सोपी परीक्षा शिकवा. सकाळी खुराडं उघडल्याबरोबर खाली वाका आणि नाक कोंबडीच्या उंचीवर न्या. उग्र वास आला, डोळ्यांत पाणी आलं, तर आतली हवा वाईट आहे. उभ्या माणसाला जे कळत नाही ते वाकल्यावर कळतं.

खुराडं कसं असावं, याची यादी मुलांकडूनच करून घ्या. साधारण अशी व्हायला हवी:

• कोंबडी बसते त्या उंचीला वारा नको. छताखाली मात्र हातभर लांबीची फट किंवा जाळी उघडी हवी. उबदार दमट हवा वर जाते आणि तिथून बाहेर पडते.
• पाठ उत्तरेच्या वाऱ्याकडे, तोंड दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्याचं ऊन थेट आत येतं.
• जमिनीवर भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा, तीन-चार बोटं जाड. ओला झालेला भाग रोज काढायचा, आठवड्यातून एकदा सगळा वरखाली करायचा.
• बसायला आडवी, थोडी रुंद काठी, म्हणजे बोटं पोटाखाली झाकली जातात.
• दार रात्री पक्कं बंद. मांजर, मुंगूस आपल्याकडे सगळीकडे आहेत आणि बिबट्याही फिरतो. म्हणून रात्री खुराड्याकडे मुलाने एकट्याने जायचं नाही.
• खुराड्यात कोळशाची शेगडी किंवा निखारे कधीच ठेवायचे नाहीत. आग लागते, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. पक्ष्यांचाही आणि माणसांचाही.

खाण्यापिण्याचंही पाहू. संध्याकाळी निजायच्या आधी मका किंवा बाजरीचे दाणे द्यावेत. मानेखालच्या थैलीत ते साठतात, रात्रभर पचत राहतात आणि पचनातून ऊब मिळते. आपण हिवाळ्यात बाजरीची भाकरी खातो, तिला उष्ण म्हणतो, तो धागाही मुलांना जोडून देता येईल. सकाळी गार पाण्याऐवजी कोमट पाणी ठेवलं की कोंबड्या पुरेसं पितात. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा द्यावा. अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. लिंबाच्या रसात टरफलाचा तुकडा टाकला की बुडबुडे येतात, हा प्रयोग वर्गात दोन मिनिटांत होतो.

आणि खास आपल्या भागासाठी एक सूचना: थंडीच्या दिवसांत द्राक्षबागांत फवारण्या चालू असतात. नुकत्याच फवारलेल्या बागेत कोंबड्या सोडायच्या नाहीत.

पिल्लांचं गणित वेगळं

मोठी कोंबडी थंडी सोसते, पिल्लू सोसू शकत नाही. त्याचं अंग लहान, अंगावर नुसती लव. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पृष्ठभाग मोठा असतो, म्हणून ते लवकर गार पडतं. एकाच तापमानाच्या पाण्याची एक वाटी आणि एक हंडा शेजारी ठेवा. वाटी आधी निवेल. पिल्लाचंही तसंच.

आई असेल तर ती पंखांखाली घेते, प्रश्न मिटतो. विकत आणलेली पिल्लं असतील, मग ती गिरिराज असोत की वनराजा, तर पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण ३५ अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करत न्यायची. बल्ब लावणार असाल तर साधा, तारेचा, तापणारा बल्ब हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. घरात सगळीकडे एलईडी आले आणि कित्येकांची पिल्लं दिव्याखालीच गारठली. विजेचं रूपांतर उजेडात किती होतं आणि उष्णतेत किती, हा सातवी-आठवीचा मुद्दा इथे पिल्लाच्या जिवाशी येतो.

थर्मामीटर नसेल तरी चालतं. पिल्लंच सांगतात. दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला पळून चोच उघडी टाकून धापत असतील तर उकडतंय. सगळीकडे पांगून निवांत खात-पीत असतील तर बरोबर आहे. रात्री वीज जाते, हे गृहीत धरून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तयार ठेवावी आणि डालगं पोत्याने झाकताना वरून थोडी हवा खेळू द्यावी.

मला विचाराल तर निरीक्षण कशाला म्हणतात हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. पाहणं, त्याचा अर्थ लावणं आणि लगेच काहीतरी करणं. उशीर झाला तर सकाळी किंमत मोजावी लागते, आणि ती मार्कांत नसते.

आजीचं ज्ञान आणि दवाखान्याची लस

हे बरंचसं आपल्या घरच्या आज्यांना माहीत आहे. कोणती कोंबडी खुडूक झाली, कोणतं अंडं बसवायचं, उजेडासमोर धरून आतलं कसं बघायचं, एकविसाव्या दिवशी काय ऐकू येतं, सगळं. बऱ्याच घरांत कोंबड्या बाईच्याच असतात आणि अंड्यांचे पैसेही तिच्याच हातात राहतात. मुलाने वही-पेन घेऊन आजीसमोर बसावं आणि विचारावं, ‘आज्जी, तू हे कसं ओळखतेस?’ आयुष्यभर ‘मला काय कळतं, मी अडाणी’ म्हणणाऱ्या बाईला नातू प्रश्न विचारून उत्तर लिहून घेतो, याने त्या घरात काय बदलतं ते बघा.

पण प्रत्येक गोष्ट घरगुती उपायावर सोडता येत नाही, हेही त्याच धड्यात यायला हवं. राणीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, तो विषाणूचा रोग आहे. एकदा आला की औषध नाही, लस हाच उपाय. पाच-सात दिवसांच्या पिल्लाला लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात देतात, आणि सहा-आठ आठवड्यांनी पुढची लस असते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करण्याचं काम आठवीतल्या मुलाकडे द्या. अर्ज कसा लिहायचा, हा पाठ्यपुस्तकातला उपक्रम खरा होईल.

बर्ड फ्लूचंही मोकळेपणाने बोलावं. भारतात तो पहिल्यांदा आढळला तो आपल्याच उत्तर महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. लाखो पक्षी मारावे लागले. हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला दूरदूरचे पाणपक्षी येतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ. पण रानपक्षी आणि घरच्या कोंबड्या एकाच डबक्यावर येऊ नयेत एवढी काळजी घ्यावी. अचानक दोन-चार कोंबड्या मेल्या तर मुलांनी हात लावायचा नाही, मोठ्यांनी दवाखान्यात कळवायचं. आणि एरवीही खुराड्यातून बाहेर आल्यावर साबणाने हात धुवायचे. हा नियम मोडला तर बाकीचा उपक्रम बंद, इतकं स्पष्ट सांगा.

पालकांचे प्रश्न

पहिला प्रश्न नेहमीचा: ‘सर, पोराला शिकून मोठं व्हायला शाळेत घातलं, कोंबड्या राखायला नाही.’ हा प्रश्न मला मनापासून पटतो. ज्यांनी आयुष्यभर कष्ट केले त्यांना मुलाने तेच करू नये असं वाटणं रास्त आहे. पण मूल कोंबड्या राखतंच आहे, शाळेच्या आधी आणि नंतर. त्या कामातलं शास्त्र त्याच्या हाती द्यायचं की नाही, एवढंच आपल्या हातात आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्यासाठीच, आणि त्यांच्या शालेय अभ्यासक्रमात शेती-पशुपालनही आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची शिफारस आहे. म्हणजे आपण जगावेगळं काही मागत नाही.

दुसरा प्रश्न: ‘आमच्याकडे माळ आहे, आम्ही अंडं खात नाही.’ काही हरकत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला, आणि दोन्ही वेळा गावागावांत वाद झाले. तो वाद इथे आणायचं कारण नाही. अशा घरातल्या मुलाने गाय, शेळी, अंगणातल्या चिमण्या किंवा मधमाश्या घ्याव्यात. थंडीत जीव कसा तगतो, हा विषय सगळ्यांना खुला आहे.

तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही, म्हणून मीच मांडतो. घरकामाला अभ्यास म्हणता म्हणता आपण मुलांवरचं ओझं झाकत तर नाही ना? पहाटे खुराडं झाडून, पाणी भरून, भावाचा डबा करून शाळेत उशिरा येणारी मुलगी आणि निवांत उठून येणारा तिचा भाऊ, दोघंही आपल्याच वर्गात असतात. म्हणून हा उपक्रम देताना अट घाला: रोज पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि घरातल्या मुलग्यांनी आळीपाळीने. नोंदवहीत आज काम कोणी केलं, असा एक रकाना ठेवा. महिनाअखेरीस तो रकाना पालकसभेत वाचून दाखवला तरी पुष्कळ.

वर्गात काय करता येईल

१. नोंदवही: तारीख, सकाळची थंडी (थर्मामीटर नसेल तर धुकं, दव, ढगाळ की निरभ्र), अंडी, कोंबड्यांचं वागणं, काम कोणी केलं.
२. ढगाळ रात्रीपेक्षा निरभ्र रात्री गारठा जास्त का असतो, याचं उत्तर नोंदींवरून शोधणं.
३. महिन्याचा हिशोब: दाण्याचा खर्च, विकलेली अंडी, घरी खाल्लेली अंडी.
४. आजी-आजोबांची मुलाखत, त्यांच्याच बोलीत लिहिलेली. त्यांचे शब्द ‘शुद्ध’ करू नका.
५. शेवटी निबंध. शीर्षक जुनंच ठेवा: ‘माझा आवडता पक्षी’.

ज्यांच्या घरी कोंबड्या नाहीत त्यांनी शेजारच्या घरची नोंद ठेवावी. एक वही दोघांत चालेल.

निबंध तपासताना एवढंच करा: ‘सुंदर’, ‘उपयुक्त’, ‘मला खूप आवडतो’ अशा शब्दांखाली रेघ मारून विचारा, ‘हे तुला कशावरून कळलं?’ मग मूल लिहितं की तांबडी कोंबडी नेहमी मधोमध बसते आणि काळीला कडेला ढकलते, म्हणून थंडीच्या रात्री काळीच आधी ओरडते. असं वाक्य कोणत्याही गाईडमध्ये नाही. ते त्याचं स्वतःचं आहे. ज्याला स्वतःचं एक खरं वाक्य लिहिता आलं, त्याला पुढे कोणत्याही विषयावर लिहिता येतं.

आणि मोराला कमी लेखू नका. वणीच्या रानात मोर आहेत. ज्या मुलाने खरोखर पाहिलाय, त्याने जरूर मोरावर लिहावं. त्यालाही हाच प्रश्न विचारायचा.

थंडी अजून महिना-दीड महिना आहे. उद्या वर्गात पहिला प्रश्न विचारा: काल रात्री तुमच्या कोंबड्या कुठे आणि कशा बसल्या होत्या? ज्यांना सांगता येणार नाही, ते आज रात्री टॉर्च घेऊन आईबरोबर बघून येतील. तुमच्या मुलांच्या नोंदी आणि निबंध आम्हाला जरूर कळवा.